जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवून घेताना: नवख्यांसाठी मार्गदर्शन

जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. व्हीसीआर तयार करणारी ती जगातील अखेरची ज्ञात कंपनी होती. त्यामुळे आज चालू असलेला प्रत्येक व्हीसीआर जुना, वापरलेला आणि झिजत जाणारा आहे. नीट ठेवलेली फीत अजूनही चांगले चित्र देऊ शकते, पण ती वाचणारे यंत्र आणि ते यंत्र दुरुस्त करू शकणारे हात, दोन्ही दुर्मीळ होत चालले आहेत. म्हणून घरातील जुने चित्रीकरण संगणकावर आणण्याचे काम फार काळ लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

या कामाला प्रथमच हात घालणारी माणसे बहुधा सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतात. कोणता प्रोग्राम घ्यावा, चित्र स्वच्छ कसे करावे, ते मोठ्या पडद्यासाठी कसे वाढवावे, हे प्रश्न त्यांना आधी पडतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. चित्राचा दर्जा फीत, ती चालवणारे यंत्र आणि त्या दोघांची जुळणी येथेच ठरून जातो. पुढची साधने फार तर तो टिकवतात, आणि निष्काळजीपणे वापरली तर बिघडवतात. फीत चालताना जे हाती लागले नाही, ते नंतर कोणत्याही प्रोग्रामला परत आणता येत नाही. त्यामुळे कसलीही ‘सुधारणा’ न करता, काळजीपूर्वक उतरवलेली एक मूळ प्रत मिळवणे हे पहिले काम, आणि सहज पाहता व पाठवता येईल अशी प्रत तयार करणे हे दुसरे. ही दोन कामे एकाच वेळी उरकण्याचा मोह टाळला, तर निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

कॅसेट ओळखणे

कॅसेटच्या आकारापेक्षा तिच्यावरील नोंद ॲनालॉग आहे की डिजिटल, हा भेद महत्त्वाचा आहे. जेव्हीसीने १९७६ साली आणलेली व्हीएचएस, तिचीच कॅमकॉर्डरसाठी केलेली छोटी आवृत्ती व्हीएचएस-सी, व्हीएचएसच्या एक वर्ष आधी सोनीने आणलेली बीटामॅक्स, तसेच व्हिडिओ८ आणि हाय८ हे सर्व ॲनालॉग प्रकार आहेत. त्यांच्यावरील संकेत संगणकाला समजेल अशा रूपात बदलावा लागतो. मिनीडीव्ही आणि डिजिटल८ या कॅसेटवर मात्र मुळातच आकड्यांच्या रूपातील माहिती असते. ती बदलायची नसते, फक्त जशीच्या तशी संगणकावर घ्यायची असते. मिनीडीव्हीचे चित्र पिवळ्या पिनेतून (म्हणजे साध्या ॲनालॉग जोडणीतून) बाहेर काढून पुन्हा डिजिटल करणे म्हणजे विनाकारण नुकसान करून घेणे होय. तिचा मार्ग वेगळा आहे आणि तो पुढे स्वतंत्रपणे दिला आहे.

आठ मिलिमीटरच्या कॅसेटबाबत दोन गैरसमज नेहमी आढळतात. पहिला असा, की व्हीएचएस-सीप्रमाणे याही कॅसेट एखाद्या ॲडॉप्टरमध्ये घालून व्हीसीआरमध्ये चालवता येतील. व्हीएचएस-सीमध्ये मोठ्या कॅसेटमधलीच अर्धा इंच रुंदीची फीत असते म्हणून ते शक्य होते. व्हिडिओ८ची फीतच आठ मिलिमीटर रुंद असल्यामुळे असा ॲडॉप्टर अस्तित्वात नाही आणि असू शकत नाही. दुसरा गैरसमज कॅसेटवरील छापील नावावर विसंबण्याचा आहे. डिजिटल८ कॅमेरे हाय८च्याच फितीवर नोंद करीत, त्यामुळे ‘हाय८’ असे छापलेल्या कॅसेटमध्ये डिजिटल चित्रीकरण निघू शकते. खात्री करायची असेल तर ती कोणत्या कॅमेऱ्याने चित्रित झाली हे शोधावे. डिजिटल८च्या काही कॅमेऱ्यांत जुन्या ॲनालॉग आठ मिलिमीटर कॅसेटही चालतात आणि त्यांचे चित्र थेट डिजिटल स्वरूपात बाहेर येते. असा कॅमेरा मिळाला तर काम फारच सुकर होते.

यासोबत टीव्हीची पद्धत पाहावी लागते. पाल पद्धतीत ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) असतात, तर एनटीएससीमध्ये ५२५ रेषा आणि सुमारे ३० चौकटी. कॅसेटवरील ई-१८० हा शिक्का पाल प्रदेशासाठीची १८० मिनिटांची फीत दर्शवतो, टी-१२० हा एनटीएससीसाठीची १२० मिनिटांची. पण प्रत्यक्ष नोंद कोणत्या पद्धतीत झाली हे चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. पालच्या अनेक व्हीसीआरमध्ये एनटीएससी कॅसेट ‘चालते’ खरी, परंतु बाहेर येणारा संकेत दोन्ही पद्धतींचा संकर असतो. टीव्ही तो दाखवतो, तो डिजिटल करून संगणकाला देणारी कॅप्चर उपकरणे मात्र गोंधळतात. परदेशातून आलेली एखाद-दुसरी कॅसेट असेल तर तिच्यासाठी त्या पद्धतीचे किंवा दोन्ही पद्धती खऱ्या अर्थाने हाताळणारे यंत्र वापरावे.

फीत चालवण्यापूर्वी

सर्वप्रथम कॅसेटच्या कडेवरील प्लास्टिकची छोटी पट्टी मोडून काढावी. ती असेपर्यंत चुकून दाबल्या गेलेल्या रेकॉर्डच्या बटणाने मूळ चित्रीकरण पुसले जाऊ शकते. मिनीडीव्ही आणि आठ मिलिमीटरच्या कॅसेटवर त्याऐवजी सरकवायची खूण असते.

त्यानंतर कॅसेट उजेडात धरून तिच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड पाहावी. ती एकसारखी गडद आणि गुळगुळीत दिसली पाहिजे. तिच्यावर पांढरे किंवा राखाडी ठिपके, भुकटी किंवा धाग्यांसारखे काही दिसले तर ती बुरशी आहे असे समजावे. अशी कॅसेट कोणत्याही परिस्थितीत यंत्रात घालू नये; बुरशीचे कण यंत्रातून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात आणि फीत वाचणाऱ्या हेडवर साचून फीत खरवडतात. ती वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवावी आणि बुरशी काढण्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीकडेच सोपवावी. तपासताना कॅसेट उघडावी लागलीच तर तोंडावर मास्क असू द्यावा.

थंड किंवा दमट जागेतून काढलेली कॅसेट लगेच चालवू नये. तिला यंत्र असलेल्या खोलीच्या तापमानाला येण्यासाठी एक दिवस द्यावा, नाहीतर फितीवर किंवा हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमवर दव धरून फीत चिकटते. वर्षानुवर्षे एकाच जागी पडून राहिलेल्या फितीचे थर एकमेकांना घट्ट बसलेले असतात आणि गुंडाळीतील ताण सगळीकडे सारखा नसतो. म्हणून प्रत्यक्ष नोंद घेण्यापूर्वी ती एकदा शेवटापर्यंत पुढे नेऊन पुन्हा पूर्ण मागे आणावी. एवढ्या साध्या कृतीने चित्रातील थरथर पुष्कळदा कमी होते. हे सर्व करण्याआधी यंत्राची परीक्षा मात्र बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर घ्यावी, कारण फीत गिळणारे यंत्र तसे आधी सांगत नाही.

तुटलेली फीत जोडता येते. त्यासाठी ध्वनी-चित्रफितीसाठी बनवलेली खास जोडपट्टीच वापरावी आणि ती फितीच्या मागच्या, म्हणजे हेडला न घासणाऱ्या बाजूला लावावी. कागदांना लावायच्या साध्या चिकटपट्टीचा गोंद कालांतराने पाझरतो आणि हेडवर बसतो. कॅसेटचे कवच फुटले असेल तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या कॅसेटच्या कवचात फीत हलवता येते. स्क्रू आणि स्प्रिंग कोठून निघाली याचे छायाचित्र आधी काढून ठेवावे.

यंत्र: येथेच वेळ आणि पैसा घालावा

निवडीला वाव असेल तर एस-व्हिडिओची पिन (पिवळ्या पिनेहून चांगली चित्रजोडणी) आणि आत टाइम बेस करेक्टर (चित्राच्या रेषा वेळेत बसवणारा भाग) असलेला एस-व्हीएचएस, म्हणजे व्हीएचएसच्या सुधारित आवृत्तीचा, व्हीसीआर सर्वांत चांगला. तो साध्या व्हीएचएस कॅसेटही चालवतो. तसा मिळाला नाही तर उत्पादनाच्या उत्तरकाळातील, चार हेडचा, हाय-फाय ध्वनी असलेला साधा व्हीसीआर घ्यावा. व्हीसीआर आणि डीव्हीडी एकत्र असलेल्या यंत्रांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी: त्यांच्या मागील एस-व्हिडिओ किंवा त्याहून चांगल्या पिना पुष्कळदा फक्त डीव्हीडीसाठीच असतात आणि कॅसेटचे चित्र पिवळ्या पिनेतूनच मिळते. विकत घेण्यापूर्वी हे तपासावे.

जुन्या यंत्राचे हेड स्वच्छ करणे हे नाजूक, पण शिकता येण्याजोगे काम आहे. यंत्राची वायर भिंतीतून काढावी, वरचे झाकण उघडावे आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलावलेली मऊ चामड्याची पट्टी ड्रमच्या बाजूला स्थिर धरून दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेने हळूहळू फिरवावा. पट्टी वर-खाली कधीही घासू नये. ड्रमच्या कडेला बसवलेली हेडची टोके अतिशय ठिसूळ असतात आणि उभ्या दाबाने तुटतात. कापसाच्या काड्यांचे धागे त्याच टोकांत अडकतात, म्हणून त्या ड्रमवर वापरू नयेत. ध्वनीच्या स्थिर हेडसाठी आणि फितीच्या मार्गातील धातूच्या खुंट्यांसाठी त्या चालतात. पालमध्ये हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, एनटीएससीमध्ये १८००. त्या वेगाने फितीला घासणाऱ्या टोकावर धुळीचा एक कण बसला तरी पडद्यावर पांढऱ्या ठिणग्यांचा पाऊस का पडतो, हे यावरून समजेल.

यंत्राच्या मेनूत जाऊन पडद्यावर अक्षरे दाखवण्याची सोय बंद करावी, कारण ‘प्ले’ हा शब्द चित्रावर कायमचा उमटतो. तशीच निळ्या पडद्याची सोयही बंद करावी. संकेत जरा क्षीण झाला की ती पूर्ण चित्र झाकून टाकते, आणि आपल्याला तर तेच क्षीण चित्र हवे असते. चित्राच्या धारदारपणाचा पर्याय मध्यावर किंवा ‘एडिट’वर ठेवावा.

प्रत्येक कॅसेटसाठी ट्रॅकिंग, म्हणजे हेड आणि फितीवरील नोंद यांची जुळणी, नव्याने करावी लागते. आपोआप जुळणारे ट्रॅकिंग बहुतेक वेळा पुरेसे असते, तरी चित्रात आडवा खरखरीत पट्टा राहिला तर ते हाताने फिरवून पाहावे आणि पट्टा पडद्याबाहेर सरकतो का ते बघावे. चित्रीकरण ज्या कॅमेऱ्याने झाले तो अजून चालू असेल तर फीत त्याच्यातच चालवून पाहणे हा पुष्कळदा सर्वांत सोपा उपाय ठरतो; त्या कॅमेऱ्याच्या यांत्रिक जुळणीत जो दोष असेल, तोच फितीवरच्या नोंदीतही उतरलेला असतो.

ध्वनीचीही निवड करावी लागते. हाय-फाय यंत्राने नोंदवलेल्या कॅसेटवर दोन ध्वनी असतात: एक फिरत्या ड्रमने चित्रासोबत लिहिलेला उत्तम दर्जाचा, आणि दुसरा फितीच्या कडेला स्थिर हेडने लिहिलेला साधा. पहिला ट्रॅकिंगवर अवलंबून असतो आणि जुळणी बिघडली की तडतडू लागतो किंवा गुरगुरतो. तसे झाले तर यंत्रावर ‘नॉर्मल’ किंवा ‘मोनो’ निवडावे. आवाज थोडा बुजका येतो, पण अखंड येतो.

आता टाइम बेस करेक्टरविषयी थोडे सविस्तर, कारण नवख्यांच्या याद्यांतून नेमकी हीच गोष्ट गाळली जाते. फीत ही ताणली जाणारी, थरथरणारी वस्तू आहे. ती चालताना चित्राची प्रत्येक रेषा नेमक्या क्षणी सुरू न होता किंचित आधी किंवा किंचित उशिरा सुरू होते. त्यामुळे सरळ उभ्या कडा नागमोडी दिसतात आणि चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो. जुने टीव्ही असा संकेत निमूटपणे सांभाळून घेत. कॅप्चर उपकरणाला मात्र ठरलेल्या वेळी ठरलेली चौकट हवी असते. ती आली नाही की ते चौकट सोडून देते किंवा आधीचीच पुन्हा लिहिते, आणि तासाभरात ओठांची हालचाल व आवाज यांची फारकत होते. टाइम बेस करेक्टर येणारी माहिती क्षणभर साठवून योग्य वेळी पुढे देतो. चांगल्या व्हीसीआरमध्ये आणि हाय८च्या वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांमध्ये तो आतच असतो व त्याने मुख्यतः रेषा सरळ होतात. पूर्ण चौकटींचा प्रवाह स्थिर करणारी स्वतंत्र उपकरणेही होती, पण ती आता सहज मिळत नाहीत. त्यावर अनेकजण वापरतात असा एक मार्ग म्हणजे व्हीसीआर आणि कॅप्चर उपकरण यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडणे. डीव्हीडीवर काही लिहायचे नसते, संकेत फक्त त्याच्यातून पुढे न्यायचा असतो. सर्व मॉडेल हे काम करीत नाहीत, काहीच करतात. चित्र वाकणारी कॅसेट लावून फरक दिसतो का ते पाहणे हीच खरी कसोटी.

जोडणी

व्हीएचएसच्या फितीवर उजेड आणि रंग यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. एस-व्हिडिओची वायर त्या वेगळ्याच ठेवून पोचवते. पिवळ्या पिनेत त्या एकत्र मिसळतात आणि पलीकडे पुन्हा विलग कराव्या लागतात, त्या खटाटोपात कडांवर रंगीत ठिपके सरकताना दिसतात. यंत्रावर एस-व्हिडिओ असेल तर तीच वापरावी, नसेल तर पिवळी पिन चालते. लाल आणि पांढऱ्या पिना ध्वनीसाठी दोन्ही परिस्थितींत लागतात, कारण एस-व्हिडिओतून आवाज जात नाही. ॲन्टेनाच्या वायरीने जोडणी करू नये.

कॅप्चर उपकरण यूएसबीला जोडायचे असते. घेण्यापूर्वी त्याचा ड्रायव्हर आपल्या संगणकाच्या आजच्या प्रणालीवर चालतो का, हे पाहावे. अनेक चांगली जुनी उपकरणे केवळ ड्रायव्हरअभावी पडून आहेत. ते यूएसबी हबमध्ये न जोडता थेट संगणकाच्या पोर्टला जोडावे.

पिवळ्या पिनेचे एचडीएमआय करणाऱ्या छोट्या स्वस्त डब्या टाळाव्यात असे मी आग्रहाने सांगेन. त्या डब्या चित्र आपल्या मर्जीने ताणून मोठे करतात, चौकटींची सरमिसळ करतात आणि चौकोनी चित्र रुंद पडद्यात पसरवतात. ते बदल नंतर उलटवता येत नाहीत.

नोंद घेणे

विंडोजवर या कामासाठी व्हर्च्युअलडब हा मोफत प्रोग्राम दीर्घकाळ वापरात आहे. पालसाठी चित्राचे माप ७२० गुणिले ५७६ आणि सेकंदाला २५ चौकटी ठेवाव्यात, एनटीएससीसाठी ७२० गुणिले ४८० आणि २९.९७. रंगांची मांडणी ४:२:२, ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, कोणतेही आकुंचन न केलेला. चित्रासाठी हफवाययूव्ही, लॅगारिथ किंवा एफएफव्ही१ यांसारखा कोडेक निवडावा, जो फाइल लहान करतो पण चित्रातले काहीही गाळत नाही. मुळीच आकुंचन न करता घेतलेले पाल चित्र तासाला सुमारे ७५ गिगाबाइट जागा घेते. अशा कोडेकने ते साधारण निम्म्यावर किंवा त्याखाली येते. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने तयार केलेली असावी, कारण फॅट३२वर कोणतीही फाइल ४ गिगाबाइटपलीकडे वाढू शकत नाही.

येथे इंटरलेसिंग समजून घ्यावे लागते. जुन्या व्हिडिओची प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांची असते: एका भागात विषम रेषा, दुसऱ्यात सम, आणि या दोन भागांमध्ये पालच्या हिशेबाने सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाचे अंतर असते. संगणकावर ती चौकट एकत्र पाहिली की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात. ते पाहून नवखा माणूस घाबरतो आणि कॅप्चर करतानाच त्या घालवण्याचा पर्याय चालू करतो. तसे करू नये. त्या रेषा दोष नसून सेकंदाला पन्नास वेळा टिपलेली हालचाल आहे. मूळ प्रतीत ती जशीच्या तशी राहिली पाहिजे. याच कारणासाठी पालमध्ये उंची ५७६ रेषांहून कमी करूनही नोंद घेऊ नये.

उजेडाची पातळी नोंद घेण्यापूर्वीच तपासावी. कॅसेटमधील सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद प्रसंग लावून, प्रोग्राममधील हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) पाहत, उपकरणाचे ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट असे ठेवावेत की आलेखाची टोके कडेला आपटणार नाहीत. पांढऱ्या कपड्यांतील घड्या एकदा सपाट पांढऱ्या झाल्या की त्या कायमच्या गेल्या. चित्र थोडे फिके वाटले तर ते नंतर सहज गडद करता येते.

सुरुवातीला पाचेक मिनिटांची चाचणी घ्यावी आणि ती हेडफोन लावून पूर्ण पाहावी. सर्व ठीक असेल तर संगणकाचे झोपी जाणे, स्क्रीनसेव्हर आणि आपोआप होणारी अद्ययावतने बंद करून, आधी नोंद सुरू करावी आणि मग कॅसेटचे प्ले दाबावे. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. यात जवळचा रस्ता नाही. त्या काळात त्याच संगणकावर दुसरे जड काम करू नये. गळालेल्या आणि भर घातलेल्या चौकटींचा आकडा प्रोग्राम सतत दाखवत असतो. अधूनमधून, विशेषतः दोन चित्रीकरणांच्या सांध्यावर, एखादी चौकट गळणे समजण्यासारखे आहे. आकडा सारखा वाढत असेल तर थांबून कारण शोधावे, आणि ते बहुधा अस्थिर संकेत, मंद डिस्क किंवा यूएसबी हब यांपैकी एक असते. कॅसेट संपली की फाइलचा शेवट उघडून बोलणाऱ्या माणसाचे ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहावे. सुरुवातीला जुळून शेवटी न जुळणे ही गळलेल्या चौकटींची किंवा ध्वनी आणि चित्र वेगवेगळ्या घड्याळांवर चालल्याची खूण असते.

ओबीएस स्टुडिओ अनेकांच्या संगणकावर आधीच असतो, म्हणून त्याचाही विचार मनात येतो. तो इंटरलेस नोंदीसाठी बनवलेला नाही. मूळ प्रत नको, फक्त पाहण्यापुरती फाइल हवी असेल तर सेकंदाला ५० चौकटी ठेवून, स्रोतावर डीइंटरलेसिंगचा (चौकटीचे दोन अर्धे भाग सुटे करून पूर्ण चौकटी बनवण्याचा) ‘यादीफ २एक्स’ हा पर्याय निवडून तो वापरता येईल.

मिनीडीव्ही आणि डिजिटल८चा मार्ग

या कॅसेटसाठी कॅमेऱ्याची फायरवायर पिन वापरावी. सोनीच्या कॅमेऱ्यांवर तिलाच आय-लिंक म्हणत. त्याच कॅमेऱ्यांवर पुष्कळदा यूएसबीचीही पिन असते, पण ती बहुतेक मॉडेलवर स्थिर छायाचित्रांसाठी किंवा कमी दर्जाच्या चित्रासाठी ठेवलेली असते, तिच्यावर जाऊ नये. फायरवायरचे यूएसबी करून देणारी साधी वायर बाजारात दिसते. ती काम करीत नाही, कारण या दोन पद्धती केवळ पिनेच्या आकाराने वेगळ्या नाहीत. नव्या संगणकांवर फायरवायरचे पोर्ट नसते. टेबलावरच्या संगणकात फायरवायर कार्ड बसवणे किंवा पोर्ट असलेला जुना लॅपटॉप वापरणे हे दोन भरवशाचे उपाय आहेत.

विंडोजवर विनडीव्ही हा लहानसा प्रोग्राम फितीवरील माहिती तशीच फाइलमध्ये लिहितो आणि चित्रीकरणाच्या तारखा-वेळांनुसार तुकडेही पाडून देतो. तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. हीच फाइल मूळ प्रत होय. तिचे दुसऱ्या कोडेकमध्ये रूपांतर करून डीव्ही फाइल पुसून टाकू नये. चित्रात चौकोनी ठोकळे दिसत असतील तर हेड स्वच्छ करून पुन्हा घ्यावे. त्रास देणाऱ्या फितींसाठी डीव्हीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्राम उपयोगी आहे: एकाच कॅसेटच्या अनेक वाचनांतून प्रत्येक चौकटीचा त्यातल्या त्यात चांगला भाग निवडून तो एकत्र करू शकतो. मिनीडीव्हीच्या एलपी (लाँग प्ले, म्हणजे फीत हळू चालवून जास्त वेळ नोंद करण्याच्या) वेगात केलेल्या नोंदी मात्र दुसऱ्या कॅमेऱ्यावर अनेकदा नीट चालत नाहीत. त्यासाठी मूळ कॅमेराच शोधावा लागतो.

पाहण्याची प्रत

मूळ प्रत सुरक्षित झाल्यावर हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रामने एच.२६४ची एमपी४ फाइल बनवावी. तिच्यात डीइंटरलेस चालू करून ‘बॉब’ हा पर्याय निवडावा, म्हणजे पालच्या २५ चौकटींच्या ५० होतात आणि हालचाल टीव्हीवर होती तशी सलग दिसते. साध्या डीइंटरलेसने ती अर्ध्यावर येते, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. डीव्हीच्या फाइलमध्ये खालचा अर्धा भाग आधी येतो आणि ॲनालॉग कॅप्चरमध्ये बहुधा वरचा; हा क्रम चुकला की हालचाल पुढे-मागे झटके खाते, तेव्हा कारण तेथे शोधावे. चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे आणि ते रुंद करू नये. व्हीएचएसच्या चित्राच्या अगदी तळाशी काही रेषांचा तुटका पट्टा दिसतो; तो दोन हेडमधील बदलाचा ठसा आहे, जुन्या टीव्हीवर तो पडद्याच्या चौकटीआड जाई. पाहण्याच्या प्रतीत तो काळा करून झाकावा किंवा कापावा, मूळ प्रतीत हात लावू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र वाढवणारे प्रोग्राम सध्या सर्वत्र आहेत. धूसर चेहऱ्यावर ते जे डोळे आणि दात रेखाटतात ते फितीवर नव्हतेच, अंदाजाने भरलेले असतात. गंमत म्हणून वेगळी प्रत करायला हरकत नाही. कुटुंबातील माणसांचे चेहरे जपण्यासाठी मात्र मला तो मार्ग योग्य वाटत नाही. डीइंटरलेस अधिक सुबक हवे असेल आणि शिकण्याची तयारी असेल, तर क्यूटीजीएमसी ही पद्धत पाहावी. संगणकाला ती पुष्कळ वेळ राबवते, पण फरक दिसतो.

फाइल आणि कॅसेट सांभाळणे

फाइलचे नाव वर्षाने सुरू करावे, त्यामागे कॅसेटचा क्रमांक आणि प्रसंग लिहावा, आणि तोच क्रमांक कॅसेटवर चिकटवावा. वेष्टनावरील हस्ताक्षरातील मजकुराचे छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. चित्रातल्या माणसांची नावे सांगू शकणारे वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांच्यासोबत बसून ती एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून घ्यावीत. मूळ प्रतीच्या किमान तीन नकला असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. नकल केल्यावर दोन्ही फाइलींचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून पाहावेत, आणि वर्षातून एकदा डिस्क जोडून फाइल उघडतात याची खात्री करावी.

काम झाले म्हणून कॅसेट टाकून देऊ नयेत. व्हीसीआरच्या हेडमधून येणारा कच्चा संकेत थेट संगणकात घेऊन त्याचे चित्र पूर्णपणे सॉफ्टवेअरने तयार करणारी व्हीएचएस-डीकोड नावाची मुक्तस्रोत पद्धत आज उपलब्ध आहे. यंत्र उघडून त्याच्या आत वायर जोडावी लागत असल्यामुळे ती नवख्यांसाठी नाही, पण नेहमीच्या यंत्राने न सुधारणाऱ्या काही कॅसेट तिच्याने वाचता येतात, आणि त्यासाठी फीत शिल्लक असावी लागते. कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून, वेष्टनात घालून, पुस्तकाप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. जागा कोरडी व थंड असावी, आणि ध्वनिवर्धक किंवा मोटर यांसारखे चुंबक असलेले काही त्यांच्याजवळ नसावे.